डावीचं काढून उजवीला

सेलूच्या आमच्या जुन्या टॉकीजच्या केबिनमध्ये सिनेमा दाखवायच्या दोन मशीन होत्या, म्हणजे दोन प्रोजेक्टर. पडद्याकडं तोंड करून उभं राहिलं की एक उजव्या हाताला, एक डाव्या. नावंही तीच, उजवी आणि डावी. दोन मशीन ठेवणं ही शेठजींची हौस नव्हती. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट पळते. २,००० फुटांचं रीळ २२ मिनिटांत संपतं आणि ते संपायच्या आत पुढचं रीळ दुसऱ्या मशीनवर सुरू व्हावं लागतं. पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात गोल ठिपका उमटला की मोटर चालू, काही सेकंदांनी दुसरा उमटला की चेंजओव्हर, म्हणजे खेळ एका मशीनवरून दुसरीवर. खुर्चीतल्या माणसाला काही कळायचं नाही. केबिनमध्ये मात्र एकाच वेळी चार हात चालू असायचे.

२०१० नंतर आमच्या भागातली टॉकीजं एकेक करून डिजिटलवर गेली, नाहीतर बंद पडली. आमच्या टॉकीजनं दोन्ही केलं. आधी डिजिटल, मग कुलूप. आता तिथं मंगल कार्यालय होणार असं ठरलं, तेव्हा शेठजींच्या नातवानं मला बोलावून घेतलं. त्याला दर्शनी हॉलमध्ये एक मशीन ठेवायची होती, नुसती शोभेची नाही, चालती. भंगारवाला दोन्हींचा किलोचा भाव सांगून गेला होता. मी म्हटलं, एक चालू करून देतो, दुसरी मला द्या. तो म्हणाला, "काका, दुसरीतलं काही लागलं तर?" म्हटलं, लागणारच आहे, म्हणून तर म्हणतो.

माझं स्टेशन रोडला मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. पण शाळेत असल्यापासून या केबिनमध्ये पडीक होतो. मराठवाडा सिनेमावाल्यांच्या हिशेबात निझाम सर्किटमध्ये, म्हणजे प्रिंट वाटायच्या निझाम विभागात यायचा. प्रिंटच्या पत्र्याच्या पेट्या स्टेशनावरून हातगाडीनं आणायच्या, वर चढवायच्या, रिळं उलटी गुंडाळून द्यायची, हे माझं काम. शिकवणारे चाचा. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. आता ते परभणीला मुलाकडं असतात, डोळ्यांना कमी दिसतं, पण कान शाबूत आहेत. या कामात मला त्यांच्या कानांचाच उपयोग झाला.

पहिला प्रश्न कोणती मशीन ठेवायची हा. नातवाला डावी हवी होती. तिचा हिरवा रंग अजून चकाकत होता, मॅगझिनची, म्हणजे रीळ ठेवायच्या डब्याची, दारं सरळ होती, लेन्सच्या नळीवर पितळ दिसत होतं. उजवीचा रंग उडालेला, खालच्या तबकात वाळलेल्या तेलाचा काळा लगदा, एका दाराची बिजागरी तारेनं बांधलेली. दोघी बाहेरून इतक्या सारख्या की फोटोत ओळखू येऊ नयेत. पण उजवी मूळची विलायती, शेठजींच्या वडिलांनी कुठल्यातरी टॉकीजमधून जुनी विकत घेतलेली. डावी नंतरची, तिच्याच नमुन्यावर आपल्याकडं कारखान्यात बनलेली.

मी फोन लावला. चाचा म्हणाले, "रंग बघून मशीन निवडायलास का रे? मोठ्या शाफ्टला हात लावून बघ. ज्या मशीनचा शाफ्ट हलत नाही तिला ठेव. बाकी सगळं बदलता येतं, अंग बदलता येत नाही."

डायल गेज, म्हणजे केसभर हालचाल दाखवणारं सुईचं माप, लावून दोघींचा मुख्य शाफ्ट वरखाली, पुढंमागं ढकलून पाहिला. उजवीची सुई जवळपास हललीच नाही. डावीचा मागचा बेअरिंगचा कप्पा लांबट झाला होता, शाफ्ट डोळ्यांना दिसेल इतका डोलत होता. त्यात डावीवर शेवटच्या वर्षांत एक आपत्ती येऊन गेलेली. नव्वदच्या दशकात प्रिंट हळूहळू पॉलिएस्टरवर यायला लागल्या. जुनी ॲसिटेटची फिल्म अडकली की तुटायची, शिट्ट्या व्हायच्या, चाचा फिल्म चिकटवायचं सिमेंट लावून जोड द्यायचे आणि खेळ पुढं चालू. पॉलिएस्टर तुटत नाही. ती अडकली की मशीन तुटते. डावीत एकदा अशी गुंडाळी झाली आणि उभ्या शाफ्टवरच्या फायबरच्या गिअरचे दात सपाट झाले, क्रॉसच्या, म्हणजे फिल्म थांबवत सोडत नेणाऱ्या यंत्रणेच्या, स्प्रॉकेटचे (फिल्म ओढणाऱ्या दातेरी चाकाचे) दोन दात वाकले. प्रोजेक्टरमध्ये लोखंडाच्या गिअरला फायबरचा गिअर लावतात तो आवाज कमी करायला, पण अशा वेळी तोच आधी मरतो आणि बाकीचं वाचवतो. डावीचा क्रॉस असाच वाचला होता.

तेव्हा अंग उजवीचं ठेवायचं आणि लागेल ते डावीचं घ्यायचं, एवढं नक्की झालं. नातू थोडा हिरमुसला. रंग मी मारून देईन म्हटल्यावर तयार झाला.

काही खोलण्याआधी चाचांनी एक पद्धत घालून दिली होती, ती मी आजही मोटरच्या कामात वापरतो. उजवीचा खराब भाग काढला की तो भंगाराच्या डब्यात टाकायचा नाही. डावीतून त्याच्या जागी जे काढलं, तिथंच तो बसवून ठेवायचा. याचे दोन फायदे. भाग हरवत नाही, आणि पुढं केव्हाही डावी उघडली की कुठून काय गेलं ते चिठ्ठ्या न वाचता दिसतं. शिवाय बाहेरून मशीन पूर्ण राहते. पोकळ मशीन केबिनमध्ये दिसली की येणारा जाणारा स्क्रू काढून नेतो, हा अनुभव सगळ्या टॉकीजवाल्यांचा आहे.

आता बोल्टांचं. विलायती मशीनला इंची आटे, देशी मशीनला मेट्रिक. १९५६ मध्ये आपल्याकडं मेट्रिक मापांचा कायदा झाला, त्यानंतर जे बनलं त्यात हळूहळू मिलिमीटर शिरले. हे माहीत असूनही माणूस फसतो, कारण मापं एकमेकांना खेटून आहेत. पाव इंची बीएसएफ, म्हणजे बारीक आट्याच्या विलायती बोल्टला इंचात २६ आटे, म्हणजे एका आट्याला ०.९७७ मिलिमीटर. एम-६ चा, म्हणजे ६ मिलिमीटरच्या मेट्रिक बोल्टचा, आटा बरोबर १ मिलिमीटर. जाडीत पाव इंच म्हणजे ६.३५ आणि एम-६ म्हणजे ६. त्यामुळं एम-६ चा बोल्ट इंची भोकात गोडीगुलाबीनं जातो, काही आटे धरतो, घट्ट झाल्यासारखाही वाटतो. मशीन थरथरायला लागली की कडेकडेनं धरलेले आटे भोकातले आटे घेऊन बाहेर येतात. बारीक स्क्रूंमध्ये तर हे आणखी वाईट. २ बीए (विलायती बारीक स्क्रूचं माप) आणि एम-५ चे आटे जवळजवळ सारखेच, ०.८१ आणि ०.८०, फक्त जाडीत फरक. २ बीए ढिला बसतो आणि कोणालाच कळत नाही. डावीच्या लेन्सच्या पकडीत असे तीन स्क्रू निघाले, मागं कोणीतरी उजवीचे लावलेले. म्हणून बोल्ट भागाबरोबर फिरवायचे नाहीत. भोक ज्याचं, बोल्ट त्याचा. उजवीचे सगळे बोल्ट रॉकेलमध्ये धुऊन एका स्टीलच्या ताटात, डावीचे दुसऱ्यात, आणि दोन्ही ताटं दुकानाच्या दोन टोकांना. माझ्या पोराला याचं हसू यायचं.

मग क्रॉस. सगळी मशीन म्हणजे क्रॉसभोवती बांधलेला डबा, असं मला वाटतं. फिल्म वर आणि खाली सरळ एका गतीनं पळते, पण दिव्यासमोर ती सेकंदाला २४ वेळा थांबावी लागते, नाहीतर पडद्यावर नुसता लगदा दिसेल. हे थांबवणं आणि सोडणं मालटीज क्रॉस करतो. चार खाचांचा तारा, त्याच्या शेजारी एक पिन असलेला कॅम. कॅम एक फेरा मारतो तेव्हा पिन एका खाचेत शिरून ताऱ्याला पाव फेरा देते आणि बाहेर पडते. उरलेला पाऊण फेरा तारा कॅमच्या गोल कडेवर टेकून गच्च उभा. ताऱ्याच्याच शाफ्टवर १६ दात्यांचं स्प्रॉकेट, म्हणजे पाव फेऱ्यात चार दाते, चार दाते म्हणजे एक फ्रेम. कॅम मिनिटाला १,४४० फेरे फिरतो. म्हणजे फिल्म खाली ओढायला सेकंदाचा शहाण्णवावा भाग मिळतो. हे सगळं तेलानं भरलेल्या बंद पेटीत चालतं आणि पेटी सबंध बाहेर काढता येते.

१,४४० वरून आठवलं. आपल्या ५० सायकलच्या विजेवर चार पोलची साधी इंडक्शन मोटर भाराखाली जवळपास तितकेच फेरे मारते. रिवायंडिंगवाल्याला हा आकडा तोंडपाठ असतो. ६० सायकलच्या देशातून आलेली मशीन किंवा नुसती तिची पुली इथं लावली तर २४ च्या जागी २० फ्रेम पळतात आणि नायिका नायकाच्या आवाजात बोलायला लागते. आमच्या दोन्ही मशीन ५० च्या, त्यामुळं हा ताप नव्हता.

उजवीच्या क्रॉसची पेटी उघडली तर तेल डिंकासारखं घट्ट. ताऱ्याच्या कडा, जिथं तो कॅमवर टेकतो, तिथं नखाला लागेल इतक्या झिजलेल्या. डावीचा तारा आणि कॅम मात्र सुरेख. पण डावीच्या स्प्रॉकेटचे दोन दाते वाकलेले आणि उजवीचं स्प्रॉकेट चांगलं. कागदावर हिशेब अगदी सोपा दिसतो. तारा इकडचा, स्प्रॉकेट तिकडचं.

मी परभणीला गेलो ते दोन्ही पेट्या पिशवीत घालून. चाचांनी आधी डावीचा तारा बोटांनी चाचपला, मग कॅम. म्हणाले, "हे दोघं वेगळे करायचे नाहीत. जात्याची वरची तळी एका घरची आणि खालची दुसऱ्या घरची घेऊन दळशील का? उजवीच्या कॅमला डावीचा तारा लावलास तर पहिल्या दिवशी ठणठण वाजंल आणि महिन्यात दोन्ही जातील."

"मग पेटीच सगळी डावीची घेतो. स्प्रॉकेटचं काय करू?"

"दाते एका बाजूनं झिजले असते तर उलटं करून लावलं असतं. हे वाकलेत. बदलावंच लागंल." मग थोडं थांबून म्हणाले, "शाफ्ट मोजलास का?"

मोजला होता. तिथंच तर मेख होती. विलायती शाफ्ट ५/१६ इंच, म्हणजे ७.९४ मिलिमीटर. देशी शाफ्ट पुरता ८. उजवीचं स्प्रॉकेट डावीच्या शाफ्टवर सहा शतांश मिलिमीटरनं जात नव्हतं. उलट केलं असतं तर डावीचं स्प्रॉकेट उजवीच्या शाफ्टवर ढिलं पडलं असतं, पण ते तसंही वाकलेलंच. राहिला एकच मार्ग, उजवीच्या स्प्रॉकेटचं भोक ८ च्या रीमरनं मोठं करायचं. एकदा रीमर फिरला की ते स्प्रॉकेट पुन्हा कधीही आपल्या मूळ शाफ्टवर बसणार नाही.

दुरुस्तीतले बहुतेक बदल परत फिरवता येतात. बोल्ट काढा, पूर्वीसारखं लावा. काही बदल एकाच दिशेचे असतात. चाचांच्या काळात हा फरक फार काटेकोर पाळावा लागायचा, कारण दोन्ही मशीन रोज संध्याकाळी चालायला हव्या होत्या. खेळ चालू असताना डावीचा एक्सायटर लॅम्प (आवाजाच्या पट्टीवर उजेड टाकणारा दिवा) गेला तर उजवीचा काढून लावायचा आणि रीळ संपायच्या आत परत उजवीला. तिथं घासणं, भोक मोठं करणं याला बंदी. आता डावी उभी करायची घाई नव्हती आणि उजवीचा तारा तसाही गेलेला. तरी रीमर चालवायच्या आधी मी ते स्प्रॉकेट बरेच दिवस टेबलावर ठेवून घेतलं होतं. नवं करून घ्यायचा भाव विचारला, तो पूर्ण मशीनच्या भंगारभावापेक्षा जास्त निघाला. मग चालवला.

हे काम छत्रपती संभाजीनगरला, चिकलठाण्याच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये करून घेतलं. सेलूत लेथ आहेत, पण ती ट्रॅक्टरची आणि ऊसगाड्यांची कामं. इथं भोक मध्यावरून केसभर सरकलं तरी चित्रात दिसतं. स्प्रॉकेट एका फेऱ्यात चार फ्रेम ओढतं, म्हणजे सेकंदाला सहा फेरे. ते मध्यावर नसेल तर चित्र सेकंदाला सहा वेळा एकाच तालात उचलतं. हाच ताल ओळखीची खूण आहे. चित्र तालात हललं तर दोष स्प्रॉकेटचा किंवा शाफ्टचा, बेताल हललं तर तारा-कॅममधल्या फटीचा किंवा गेटच्या, म्हणजे दिव्यासमोर फिल्म दाबून धरणाऱ्या चौकटीच्या, दाबाचा. केबिनमधली निम्मी दुरुस्ती अशी, पडद्याकडं बघून आणि मोजून.

टेपर पिनचा, म्हणजे निमुळत्या खिळीचा, एक घोळ होता. स्प्रॉकेट शाफ्टवर टेपर पिननं बसतं आणि ते भोक कारखान्यात दोन्ही एकत्र ठेवून पाडलेलं असतं. दुसऱ्या मशीनचं स्प्रॉकेट लावलं की शाफ्टचं भोक एका कोनात, स्प्रॉकेटचं दुसऱ्या. वर्कशॉपवाला म्हणाला, जुनी भोकं भरून काढतो. मी नको म्हटलं. स्प्रॉकेटच्या गळ्यात जुन्या भोकापासून काटकोनात जागा होती, तिथं नवं पाडायला लावलं, शाफ्टमधल्या जुन्या भोकाच्या रेषेत. दाते ताऱ्याच्या खाचांशी नेमके कसे जुळतात याला थोडी सूट असते, कारण फ्रेम वरखाली करायची मूठ बाहेर आहेच. पण ती मूठ मधोमध असताना फ्रेम बरोबर बसली पाहिजे, म्हणून जुन्या स्प्रॉकेटवरून दात्याची खूण शाफ्टवर आधीच ओरखडून घेतली होती. शेवटी डायल गेजवर स्प्रॉकेट फिरवलं आणि सुई जागची हलली नाही तेव्हा वर्कशॉपवाल्यानं माझ्याकडून चहाचे पैसे घेतले नाहीत.

पेटी उजवीच्या अंगात बसवली. डावीच्या पेटीची भोकं एम-६ साठी आरपार पाडलेली, त्यातून पाव इंची बोल्ट जेमतेम गेले. पेटीचा गिअर मशीनच्या गिअरशी किती खेटवायचा यासाठी पतंगाचा कागद मध्ये घालून दाबायचं, बोल्ट आवळायचे, मग हातानं फिरवून कागद काढून घ्यायचा. कागदाची जाडी तेवढी फट राहते. कागद फाटून निघाला तर गिअर जास्त खेटलेत. हे चाचांचं. त्यांच्या वेळी सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद वापरायचे.

पेटी बदलली की शटर नव्यानं जुळवावं लागतं, हे विसरून चालत नाही. फिल्म खाली सरकत असताना शटरचं पातं दिव्यासमोर यायला हवं. दोन पात्यांचं शटर, एक पातं सरकणं झाकतं, दुसरं नुसतं लुकलुक कमी करतं, म्हणून पडद्यावर सेकंदाला ४८ वेळा उजेड पडतो. वेळ चुकली की पांढऱ्या अक्षरांना शेपट्या फुटतात. गेटमध्ये चित्र उलटं असतं आणि फिल्म खाली जाते, म्हणजे पडद्यावर चित्र वर जातं. त्यामुळं शेपटी अक्षराच्या वर निघाली तर शटर उशिरा येतंय, खाली निघाली तर लवकर. दोन्हीकडं निघाली तर पातं अरुंद आहे किंवा क्रॉस ढिला. आमची शेपटी वर होती. शटरच्या गळ्याचा स्क्रू सैल करून थोडं पुढं घेतलं, शेपटी आखूड झाली, आणखी घेतलं, गेली.

गेटची प्लेट डावीकडून घ्यायचा प्रश्नच नव्हता. टॉकीजमधली प्रत्येक प्लेट आपापल्या मशीनच्या जागेवरून कानशीनं घासून बनवलेली असते. केबिन उंचावर, दोन मशीन मध्याच्या दोन बाजूंना, त्यामुळं चौकोन पडद्यावर तिरका पडतो. तो सरळ दिसावा म्हणून प्लेटचं भोक उलट्या बाजूला तिरकं घासतात. डावीची प्लेट उजवीला लावली तर तिरकेपणा दुप्पट. दर्शनी हॉलमध्ये तर मशीन पडद्यासमोर सरळ उभी राहणार होती, म्हणजे दोन्ही प्लेटी निरुपयोगी. केबिनच्या खणात एक न घासलेली सापडली. लेन्स ४ इंची होती, २० फुटांवरून चित्र साधारण ४ फूट रुंद पडतं. शेठजींच्या नातवाला तेवढंच हवं होतं.

दिवा पटकन सांगतो. कार्बनचा आर्क कधीच गेला होता, मागून बसवलेला झेनॉनही थकला होता. झेनॉनच्या बल्बमध्ये थंड असतानाही अनेक पट दाब असतो. तोंडाला जाळी आणि हातात मोजे घालून तो काढला, गुंडाळून बाजूला ठेवला आणि त्याच्या जागी २४ व्होल्ट २५० वॉटचा हॅलोजन बसवला. २० फुटांना तो पुरतो.

आवाजानं मात्र दम काढला. फिल्मच्या कडेला आवाजाची पट्टी असते, तिच्यातून एक्सायटर लॅम्पचा उजेड बारीक फटीनं जातो आणि मागच्या सेलवर पडतो. उजवीत जुना फोटोसेल, त्याला बाहेरून नव्वदेक व्होल्टचा दाब द्यावा लागतो. तो देणारा ॲम्प्लिफायर केव्हाच विकला गेलेला. डावीत नंतर बदललेला सोलर सेल, तो स्वतःच वीज तयार करतो. सोलर सेल उचलून जुन्या फोटोसेलच्या वायरिंगवर लावला आणि त्या वायरींना कुठून दाब मिळाला, तर सेल गेला. म्हणून सेल एकटा घेतला नाही. सेल, त्याची पकड, त्याची वायर आणि टोकाचा प्लग, सगळं घेतलं आणि उजवीच्या जुन्या वायरी मुळापासून काढल्या. फटीची लेन्स मात्र उजवीचीच ठेवली, तिच्या स्क्रूवर रंगाचा थेंब होता. कोणीतरी कधीकाळी ती नीट लावून पक्की केली होती, ती छेडायची नाही.

चालू केलं तर घुमारा. इथं एक फसवणूक आहे. सेल पट्टीवरून बाजूला सरकला आणि फिल्मच्या कडेच्या भोकांवर आला तर सेकंदाला २४ गुणिले ४, म्हणजे ९६ चा घुमारा येतो. एक्सायटरला साधा एसी पुरवठा असेल तर १०० चा. कानाला दोन्ही सारखेच. चाचांना फोनवर ऐकवलं तर म्हणाले, "मोटर बंद कर, लॅम्प चालू ठेव." फिल्म थांबली आणि घुमाराही थांबला. म्हणजे वीज नव्हे, भोकं. सेलची पकड अर्धा मिलिमीटर आत घेतली. जास्त आत घेतली असती तर फ्रेमच्या रेषांचा २४ चा गुरगुराट आला असता. मधे एक जागा मिळाली जिथं दोन्ही नाहीत. आवाज चित्राच्या २०-२१ फ्रेम पुढं छापलेला असतो, म्हणून गेट आणि साउंड हेडच्या मधला लूप तेवढा ठेवावा लागतो, नाहीतर ओठ आणि शब्द जुळत नाहीत. ते मला झोपेतही करता येतं.

चाचणीला फिल्म कोणती लावायची हाही विचार करावा लागला. खणात जुन्या ट्रेलरची रिळं होती, उघडली की व्हिनेगरचा वास. परभणी-सेलूच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत ॲसिटेट असंच सडतं आणि आखडतं. आखडलेल्या फिल्मची भोकं दात्यांवर चढतात, टिकटिक वाजतं, चित्र हलतं, आणि माणूस चांगला क्रॉस खोलून बसतो. म्हणून ती बाजूला ठेवून पॉलिएस्टरचा एक नंतरचा ट्रेलर वापरला. ज्या पॉलिएस्टरनं डावी मोडली, त्याच्यावरच उजवी जुळवली. चित्र उभं राहिलं. कोपऱ्यात बोट धरून बघितलं, हलत नव्हतं.

चाचांना मुलानं गाडीत बसवून आणलं. ते मशीनजवळ गेले नाहीत, हॉलच्या दुसऱ्या टोकाला खुर्चीवर बसून ऐकत राहिले. ट्रेलर संपल्यावर म्हणाले, "क्रॉस ठीक आहे. खालचा टेक-अप ओढतो." खरं होतं. खालचं रीळ मोठं होईल तसा ताण बदलावा म्हणून क्लचमध्ये चामड्याची चकती असते, ती दोन्ही मशीनची कडक झालेली. डावीची घेऊन उपयोग नव्हता. चप्पल दुरुस्तीवाल्याकडून जाड चामडं कापून आणलं, तेल पाजलं, बसवलं.

डावी आता माझ्या दुकानात आहे. आत उजवीचा झिजलेला तारा, उजवीचा फोटोसेल, उजवीची तारेनं बांधलेली बिजागरी, सगळं आपापल्या जागी. चाचांनी जाताना विचारलं, हिचं काय करायलास. मागचा बेअरिंगचा कप्पा बोअर करून गनमेटलचा बुश घालता येईल, उभ्या शाफ्टचा फायबर गिअर चिकलठाण्याचा तोच वर्कशॉपवाला कापून द्यायला तयार आहे, दाते मोजून नमुना त्याच्याकडं दिलाय. अडलंय ते ताऱ्यापाशी. तारा आणि कॅम दोन्ही एकत्रच हवेत, एकाच मशीनमधले, आठ मिलिमीटर शाफ्टचे. मानवतकडं एका बंद टुरिंग टॉकीजचं सामान गोठ्यात पडलंय असं ऐकलंय. पाऊस उघडला की मोजपट्टी घेऊन जाणार आहे.